गेटसभा ते विधानसभा

कामगारपुढारी राजकारणात कसा शिरतो, याबद्दल मराठीत जे लिहिले गेले ते बहुतेक मुंबईचे आहे. गिरणगाव, श्रीपाद अमृत डांगे, जॉर्ज फर्नांडिस, दत्ता सामंत आणि 18 जानेवारी 1982 ला सुरू होऊन रीतसर कधीच मागे न घेतला गेलेला तो संप. या लिखाणाचे मोल मोठे आहे. पण त्यात विदर्भाच्या पूर्व टोकाचा कामगार कुठे दिसत नाही. मुंबईच्या गिरण्या थंडावत होत्या त्या काळात चांद्याकडे, म्हणजे चंद्रपूरकडे, खाणी वाढत होत्या, दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्र उभे राहत होते, राजुऱ्याच्या बाजूला चुनखडीवर सिमेंटचे कारखाने येत होते. त्याच वर्षी, 26 ऑगस्ट 1982 ला, जुन्या चांदा जिल्ह्याचे दोन भाग झाले. खाणी आणि कारखाने चंद्रपूरकडे राहिले. वैनगंगेपलीकडचे अफाट जंगल नव्या गडचिरोली जिल्ह्यात गेले.

या पुस्तकाचा विषय आहे या दोन्ही भागांतला मजूर आणि त्याच्या जोरावर उभा राहिलेला, किंवा उभा राहू न शकलेला, लोकप्रतिनिधी. सुरुवातीलाच माझे म्हणणे मांडतो. कामगारपुढाऱ्याला राजकारणात जायला फाटक लागते. पाळी सुटली की हजार माणसे एकाच वेळी ज्यातून बाहेर पडतात, जिथे पेटीवर उभे राहून बोलता येते, ज्याच्या आत हजेरीपट आहे आणि पगारातून वर्गणी कापून घेण्याची सोय आहे, असे फाटक. चंद्रपूरच्या खाणींना आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीला ते होते, म्हणून तिथे पुढारी घडले. त्याच गिरणीला बांबू पुरवणाऱ्या, विड्यांसाठी तेंदूपाने तोडणाऱ्या मजुराला फाटक नव्हते. एकाच मालाच्या दोन टोकांना काम करणाऱ्या माणसांपैकी एकाला आमदार-खासदार मिळाले, दुसऱ्याला दीर्घकाळ कोणीच मिळाले नाही. या तफावतीचा हिशेब मांडल्याशिवाय या जिल्ह्यांतल्या कोणत्याही कामगारपुढाऱ्याची कारकीर्द नीट समजत नाही, असे मला वाटते.

आधी फाटकाच्या आतले. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण 1871 च्या सुमारास सुरू झाली आणि 1906 मध्ये बंद पडली. तोवर बल्लारपूरचा कोळसा निघू लागला होता. पुढे घुग्घुस, माजरी, सास्ती, दुर्गापूर, पद्मापूर अशी नावे वर्धा नदीच्या खोऱ्यात एकामागून एक जोडली गेली. खाजगी मालकांच्या काळात खाणीतला मजूर बहुधा ठेकेदाराचा माणूस असे. 1 मे 1973 ला बिगर कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 मध्ये कोल इंडिया आणि तिच्या पोटी नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स आली, आणि त्याच वर्षापासून देशभरच्या कोळसा कामगारांसाठी एकच राष्ट्रीय वेतन करार लागू झाला. या तीन गोष्टींनी खाण कामगाराचे आयुष्य बदलले. त्याला क्वार्टर मिळाले, दवाखाना मिळाला, मुलाला शाळा मिळाली. युनियनचे रूपही बदलले. वेतन आता दिल्ली-कोलकात्याच्या वाटाघाटीत ठरू लागले आणि स्थानिक पुढाऱ्याकडे राहिली ती बदली, बढती, क्वार्टर, अनुकंपा नोकरी, निलंबन रद्द करून घेणे ही कामे. बाहेरच्याला ही किरकोळ वाटतील. पण ज्याच्या बापाच्या जागी लागायचे आहे त्या पोरासाठी त्या अर्जावर होणारी सही म्हणजे सगळे आयुष्य असते. ती सही मिळवून देणारा माणूस निवडणुकीला उभा राहिला की त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

कागद गिरणीची गोष्ट निराळी. करमचंद थापर यांनी 1945 मध्ये बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही कंपनी काढली, ती वर्धेचे पाणी आणि चांद्याचा बांबू डोळ्यांसमोर ठेवून. बल्लारपूर हे गाव गिरणी आणि खाणीभोवती वाढले. तिथे आजही एका गल्लीत तेलुगू, दुसरीत छत्तीसगढी, तिसरीत भोजपुरी कानावर पडते आणि गेटसभेतले भाषण बहुधा हिंदीत होते. इथे मालक एक, कारखाना एक, फाटक एक. 1971 च्या महाराष्ट्रातल्या कामगार संघटना मान्यता कायद्याने किमान 30 टक्के कामगार सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मागता येऊ लागली, आणि मान्यता मिळालेली संघटना हीच वाटाघाटीतली एकमेव बाजू ठरली. अशा कारखान्यात ज्याच्या हाती मान्यताप्राप्त युनियन, त्याच्या हाती गावातली हजारो घरे.

नरेश पुगलिया यांची कारकीर्द या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. बल्लारपूर पेपर मिल मजदूर सभेचे अध्यक्षपद हा त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा कायमचा पाया राहिला. काँग्रेसच्या वतीने ते विधानसभेत गेले, राज्यसभेत गेले, आणि 1998 व 1999 अशा लागोपाठच्या दोन निवडणुकांत चंद्रपूरमधून लोकसभेवर निवडून आले. 1996 ला हा मतदारसंघ भाजपच्या हंसराज अहीर यांनी जिंकला होता आणि 2004 ला तो पुन्हा त्यांनीच घेतला. म्हणजे पुगलियांची लोकसभेतली वर्षे दोन बाजूंनी अहीर यांच्या विजयांच्या मध्ये सापडलेली आहेत. ही केवळ दोन पक्षांची कुस्ती होती असे मी मानत नाही. तिच्या मुळाशी कोळशाच्या जिल्ह्यात झालेला एक खोल बदल आहे, त्याकडे थोडे पुढे येतो.

त्याआधी विदर्भाने देशाला दिलेल्या दोन मोठ्या कामगारनेत्यांविषयी लिहिले पाहिजे. ते चांद्याचे नव्हते, पण त्यांच्या मागे गेलेल्या संघटना चांद्याच्या खाणीखाणीत आहेत.

पहिले अर्धेंदु भूषण बर्धन. जन्माने बंगाली, किशोरवयात नागपूरला आले आणि नागपूरचेच झाले. विद्यार्थी चळवळीतून कम्युनिस्ट पक्षात, तिथून कापड गिरण्या, वीज, रेल्वे, संरक्षण उत्पादन अशा नाना क्षेत्रांतल्या युनियनांत. 1957 मध्ये ते नागपुरातून अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून गेले. त्यानंतर ते लोकसभेलाही उभे राहिले, पण पुन्हा निवडून आले नाहीत. तरीही आयटक या कामगार महासंघाचे सरचिटणीसपद, मग 1996 पासून 2012 पर्यंत भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीसपद त्यांच्याकडे राहिले, आणि 2004 नंतर डाव्यांच्या पाठिंब्यावर चाललेल्या केंद्र सरकारच्या काळात ज्यांच्या शब्दाला दिल्लीत वजन होते अशा मोजक्या नेत्यांत बर्धनांचे नाव होते. 2 जानेवारी 2016 ला ते गेले. एकदाच आमदार झालेला माणूस देशाच्या राजकारणात इतक्या मध्यभागी राहिला, याला युनियनचे आयुष्य कारणीभूत होते. वाटाघाटीत समोरच्याची ताकद आणि आपली ताकद यांचा खरा अंदाज घेण्याची सवय त्यांना कामगारांनी लावली होती.

दुसरे दत्तोपंत ठेंगडी, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे, 1920 चा जन्म. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा प्रचारक असलेल्या या वकिलाने आधी काँग्रेसप्रणीत इंटकमध्ये काम करून कामगार चळवळ आतून पाहिली आणि 23 जुलै 1955 ला भोपाळला भारतीय मजदूर संघ स्थापन केला, त्या वेळी हाताशी एकही युनियन नसताना. 1964 ते 1976 ते राज्यसभेत होते. 1989 च्या सभासद पडताळणीत त्यांची संघटना देशात पहिली आली. बर्धन आणि ठेंगडी विचारांनी एकमेकांपासून जितके लांब असतील तितके लांब. पण दोघांच्या आयुष्यात एक गोष्ट सारखी आहे: दोघांनीही निवडणुकीपेक्षा संघटनेला मोठे मानले. ठेंगडींनी 2003 मध्ये पद्मभूषण नाकारले, तो त्याच वृत्तीचा भाग. आज वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोणत्याही खाणीच्या फाटकाबाहेर इंटक, आयटक, हिंद मजदूर सभा, मजदूर संघ आणि सिटू यांचे फलक शेजारीशेजारी दिसतात, तेव्हा त्यातल्या दोन फलकांमागे या दोघांचे कष्ट आहेत.

बर्धनांची 1957 नंतरची निवडणुकीतली वाट पाहिली की एक प्रश्न उभा राहतो, तो चांद्यालाही लागू आहे. संपात ज्याच्या मागे सगळे चालतात, त्याला मते का मिळत नाहीत? एकेकाळी याचे उत्तर कामगारांच्या अज्ञानात शोधले जाई. ते मला पटत नाही, आणि अन्यायकारकही वाटते. कामगार फाटकाच्या आत कामगार असतो. घरी गेला की तो महाकाली वॉर्डातला, लालपेठेतला, घुग्घुसच्या एखाद्या वस्तीतला माणूस असतो. त्याची भाषा असते, जात असते, देव असतो. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर इथल्या हजारो बौद्ध मजुरांसाठी बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे राजकारण हे युनियनच्या राजकारणाहून अधिक जवळचे होते. खोब्रागडे पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. त्या मजुराने खाणीत एका झेंड्याखाली संप केला आणि मत दुसऱ्या झेंड्याला दिले, तर त्यात विसंगती नव्हती. पगार आणि आत्मसन्मान या दोन लढाया होत्या आणि त्याने दोन्हींसाठी वेगळे सेनापती निवडले.

शिवाय त्याला हेही ठाऊक होते की बाबासाहेब स्वतः कामगारांच्या राजकारणातून आले होते. 1936 चा स्वतंत्र मजूर पक्ष, 7 नोव्हेंबर 1938 ला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने मुंबईत घडवलेला एक दिवसाचा संप, आणि 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूरमंत्रिपद. त्या पदावर असताना डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या खाणींत उतरले आणि पुढच्या वर्षी कोळसा कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाण कामगाराच्या वस्तीतला दवाखाना आणि पाण्याचा नळ यांची सुरुवात त्या निधीत आहे. कामगारपुढारी सत्तेत जाऊन काय करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण भारतात मला सापडत नाही.

चांदा जिल्ह्यातलेच एक उदाहरण मात्र या मालिकेत क्वचितच घेतले जाते, आणि मला ते मुद्दाम घ्यायचे आहे. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास आमटे हे नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि सफाई कामगारांच्या संघटनेचे पुढारी होते. म्हणजे कामगारनेता आणि लोकप्रतिनिधी ही दोन्ही पदे एकाच माणसात, एकाच वेळी. त्यांनी भंग्यांच्या बरोबरीने मैल्याची टोपली स्वतः डोक्यावर घेतली आणि त्या कामातच एका पावसाळी रात्री गटाराशेजारी पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम त्यांना दिसला. त्यानंतरचे आनंदवन सगळ्यांना माहीत आहे. बाबा आमटे राजकारणाच्या पायरीवरून मागे फिरले, असे म्हणतात. मला वाटते, त्यांनी युनियनचा अर्थच वाढवला: ज्याला मालकही नाही आणि कामही नाही, अशा माणसांना त्यांनी कामावर घेतले. पुढे 1973 मध्ये त्यांनी हेमलकसाला लोकबिरादरी सुरू केली आणि 1980 च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध आदिवासींच्या बाजूने उभे राहिले. फाटकापासून जंगलापर्यंतचा प्रवास पुरा केलेला चांद्याचा कामगारपुढारी मला तरी तेवढा एकच दिसतो.

आता तो खोल बदल. भूमिगत खाणी मागे पडल्या आणि खुल्या खाणी आल्या, तसा कोळशाच्या राजकारणाचा मध्यबिंदू हलला. भूमिगत खाणीला माणसे जास्त लागतात आणि जमीन कमी. खुल्या खाणीला गावेच्या गावे लागतात आणि कामाला डंपर, शॉव्हेल आणि ठेकेदाराचे चालक. दोन एकर जमिनीमागे एक नोकरी, या कोल इंडियाच्या धोरणामुळे प्रकल्पग्रस्त हा नवा हक्कदार जन्माला आला. त्याच्या सातबाऱ्याचा, मोबदल्याचा, नोकरीच्या यादीचा लढा फाटकाबाहेर, तहसील कचेरीत आणि भूसंपादन अधिकाऱ्यापुढे चालतो. हंसराज अहीर यांनी आपले राजकारण या माणसाभोवती बांधले. पुढे कोळसा खाणपट्ट्यांच्या वाटपातला घोटाळा बाहेर काढणाऱ्यांत त्यांचे नाव देशभर गेले. खाण कामगाराच्या जिल्ह्यात जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा कैवारी खासदार झाला, याची नोंद विश्लेषकांनी पुरेशी घेतली नाही.

त्याच काळात फाटकाच्या आतही भिंत उभी राहिली. कायम कामगाराच्या शेजारी, तेच काम करणारा, निम्म्याहून कमी मजुरीचा कंत्राटी कामगार आला. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ज्याला आळा घालायचा होता तीच पद्धत खाणी, सिमेंट, वीज केंद्र सगळीकडे नेहमीची झाली. मान्यताप्राप्त युनियनचे सभासद कायम कामगार. वाटाघाट त्यांची, बोनस त्यांचा. कोणत्याही कामगारपुढाऱ्याच्या कारकिर्दीला मी एक प्रश्न विचारतो आणि वाचकानेही विचारावा: त्याच्या युनियनच्या वहीत कंत्राटी माणसाचे नाव कधी चढले? तो प्रश्न टाळून लिहिलेले चरित्र गौरवग्रंथ होते. बल्लारपूरच्या गिरणीने तर याहून कठीण काळ पाहिला. कंपनी कर्जात बुडाली, उत्पादन थांबले, 2020 मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले. पगार थकलेल्या कामगाराची युनियन तेव्हा मजुरीवाढ मागत नसते. ती फक्त भोंगा पुन्हा वाजावा म्हणून धडपडत असते. अशा वेळी युनियनची ताकद किती उरते, हे बल्लारपूरच्या माणसाला विचारावे.

आणि आता जंगल. ज्या बांबूवर ती गिरणी चालली तो बांबू तोडणारा मजूर कोण होता? गोंड, माडिया, छत्तीसगडातून हंगामाला आणलेली माणसे. त्याचा मालक कोण, हे त्यालाच नीट ठाऊक नसे. जंगल वनखात्याचे, पट्टा गिरणीचा, पैसे ठेकेदाराच्या हातून, मोजणी मुन्शीच्या हातून. मजुरी बंडलावर. काम संपले की डेरा उठे आणि माणसे विखुरत. संप करायचा तर कोणाविरुद्ध, आणि कुठे उभे राहून? तेंदूपानांचे तेच. 1969 च्या कायद्याने हा व्यापार सरकारच्या नियंत्रणात आला. युनिटांचे लिलाव होऊ लागले, मजुरीचा दर सरकार ठरवू लागले. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटे निघून सगळे कुटुंब पाने तोडते, घरी बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधते आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन देते. अशा हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. फळीवरचा मुन्शी पुडके सैल आहे, पान बारीक आहे म्हणून बाजूला काढतो. त्याला विचारणारा कोणी नसतो. पंधरा-वीस दिवसांत हंगाम आटोपतो. पंधरा दिवसांच्या कामगाराला युनियन कोण देणार? जंगल कामगारांच्या सहकारी संस्था स्वातंत्र्याबरोबर आल्या, त्यांनी ठेकेदाराला काही प्रमाणात बाजूला सारले हे मान्य केले पाहिजे. पण अनेक ठिकाणी त्यांची सूत्रे मजुरांच्या हाती राहिली नाहीत.

ही पोकळी बर्धनांना दिसली होती. 1973 मध्ये त्यांनी आदिवासींच्या न सुटलेल्या प्रश्नावर इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली, 'द अनसॉल्व्ड ट्रायबल प्रॉब्लेम'. शहरातल्या कामगारनेत्याने जंगलाकडे वळून पाहिले याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण नागपूरच्या गिरणी-विजेच्या युनियनांत जी ताकद होती ती एटापल्ली-भामरागडला पोहोचली नाही. काँग्रेसची पोहोचली नाही, मजदूर संघाची पोहोचली नाही.

पोहोचले ते बंदूक घेतलेले लोक. 1980 पासून गोदावरी ओलांडून पीपल्स वॉर या नक्षलवादी संघटनेची दलमे, म्हणजे सशस्त्र तुकड्या, सिरोंचा-अहेरीच्या जंगलात आली आणि त्यांनी पहिल्यांदा हात घातला तो तेंदूपानाच्या दराला आणि बांबूकटाईच्या मजुरीला. दर वाढले, ही वस्तुस्थिती आहे. फॉरेस्ट गार्डाचा जाच कमी झाला, हीसुद्धा. पण या मार्गाने मजुराला संघटना मिळाली नाही. वाटाघाट त्याच्या नावाने झाली, त्याच्या मताने झाली नाही. ठेकेदार दलमला पैसे मोजू लागला, आणि पोलिसांचा खबऱ्या किंवा नक्षलवाद्यांचा माणूस या दोन्ही संशयांत मेले ते गावातलेच लोक. चार दशकांत या जिल्ह्याने जी माणसे गमावली त्यांच्या मरणाचा एक धागा त्या रिकाम्या जागेपाशी जातो, जिथे एक साधी, नोंदणी झालेली, दर वर्षी वर्गणी घेणारी मजूर संघटना असायला हवी होती. हे लिहिताना मला राग येतो आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

जंगलाचा स्वतःचा लोकप्रतिनिधी घडलाच नाही असे मात्र नाही. 1962 मध्ये चांदा मतदारसंघातून लाल श्यामशाह हे अपक्ष खासदार झाले. ते पानाबारसचे जमीनदार, पण गोंडांचे पुढारी म्हणून मध्य प्रांताच्या जंगलपट्ट्यात त्यांना मान होता. आदिवासींच्या प्रश्नावर त्यांनी मुदत संपण्याआधीच खासदारकीचा राजीनामा दिला. 1977 मध्ये अहेरीचे राजे विश्वेश्वरराव आत्राम चंद्रपूरमधून लोकसभेत गेले. दोघांच्याही मागे लोक होते ते परंपरेने आलेल्या निष्ठेमुळे. खाण कामगाराच्या पुढाऱ्याला दर निवडणुकीत युनियनचे पद टिकवावे लागते. राजाला ते लागत नाही. म्हणून लाल श्यामशाहांचा राजीनामा मला फार मोलाचा वाटतो. ज्याला कोणी जाब विचारत नव्हते, त्याने स्वतःहून दिलेला तो जबाब होता.

फाटकाला पर्याय काय, याचे उत्तर शेवटी गडचिरोलीनेच काढले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबत्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, ग्रामसभेला निर्णयाची जागा बनवले. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत चर्चा, असा तिथला नियम. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडे. तो मिळेना. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांना मेंढ्यात येऊन परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. कामगार चळवळीच्या इतिहासात या घटनेला मी संपाइतके स्थान देतो. बंडलावर मजुरी घेणारा माणूस त्या दिवशी माल विकणारा झाला. मजुरी किती, हा प्रश्न त्याने ठेकेदाराला विचारणे थांबवले. तो ग्रामसभेत ठरवू लागला. पुढच्या वर्षांत जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांनी तेंदूपानांचे लिलाव स्वतः केले. काही हंगामांत भाव चढले, काही हंगामांत ठेकेदारांनी रक्कम थकवून ग्रामसभांना रडवले. कोरची तालुक्यात गावांनी एकत्र येऊन महाग्रामसभा बांधली. व्यापाऱ्याशी एकट्या गावाने बोलण्यापेक्षा तालुक्याने बोलावे, हा विचार आणि बल्लारपूरच्या गेटवर सगळ्या खात्यांनी एक युनियन करावी हा विचार, यांत फरक नाही.

2017 च्या जिल्हा परिषद निवडणुकीत त्यातून उमेदवार निघाले. भामरागडकडे ॲडव्होकेट लालसू नोगोटी आणि एटापल्लीकडे सैनू गोटा हे ग्रामसभांच्या पाठिंब्यावर निवडून आले. नोगोटी हे माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले जातात. मोठे पक्ष, मोठा पैसा यांच्याविरुद्ध सभा घेऊन, गावागावांत ठराव करून ही माणसे सभागृहात गेली. पुगलियांची वाट आणि नोगोटींची वाट यांत भाषा, भूगोल, पिढी सगळे वेगळे आहे. पण क्रम तोच: आधी मजुरीचा आणि मालाचा प्रश्न, त्यावर उभी राहिलेली नियमित बैठक, तिथून निवडणूक. म्हणून या पुस्तकात दोन्ही कारकिर्दी एकाच मुखपृष्ठाखाली ठेवल्या आहेत. ग्रामसभा ही युनियन नाही अशी हरकत कोणी घेईल. कायद्याच्या भाषेत ती बरोबर आहे. मजुराच्या हाती काय आले ते पाहणाऱ्याला ती फारशी अडणार नाही.

पुढची प्रकरणे वाचताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. ही दोन जगे आता एकमेकांत मिसळू लागली आहेत. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाचा पट्टा 2007 मध्ये लॉइड्सला मिळाला. ग्रामसभांचा विरोध, नक्षलवाद्यांनी जाळलेली वाहने, बंदोबस्त असा मोठा संघर्ष झाल्यावर 2021 पासून तिथे जोमाने खनन सुरू आहे, आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे. मेमध्ये पुडकी बांधणाऱ्या घरातला मुलगा आता हेल्मेट घालून पाळीवर जातो. एकाच घरात एकजण ग्रामसभेत खाणीविरुद्ध हात वर करतो आणि दुसऱ्याची हजेरी खाणीच्या कंत्राटदाराकडे लागते. इकडे केंद्राच्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने वाटाघाटीच्या एकमेव हक्कासाठी 51 टक्के सभासदत्वाची अट आणली आहे. कंत्राटदार बदलला की ज्याचा मालक बदलतो त्या कामगाराला ती गाठणे किती अवघड, हे चंद्रपूरने चाळीस वर्षे पाहिले आहे. कोनसरीत अजून कोणत्याही युनियनचा शब्द अखेरचा नाही. चंद्रपूरच्या गेटसभांचा अनुभव असलेले पुढारी तिकडे जात आहेत, आणि ग्रामसभांतून तयार झालेली तरुण माणसेही तिथे आहेत. पहिल्यांना करार कसा करायचा ते माहीत आहे. दुसऱ्यांना, करार होण्याआधी सगळ्यांना विचारायचे असते, हे माहीत आहे.